हाकिम बेंच्या चार ओळी

"त्याचे बूट काढा," हाकिम बे म्हणाले.

दोघे जांदार्मा जागचे हलले नाहीत. जांदार्मा म्हणजे आमच्याकडे खेड्यापाड्यांवर देखरेख करणारे लष्करी पोलीस. कोर्टात न्यायाधीशाचा शब्द चालतो हे त्यांना ठाऊक होतं, पण देशात सध्या कुणाचा शब्द चालतो हेही ठाऊक होतं. लष्करानं सत्ता हातात घेतली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

हाकिम बेंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते खुर्चीतून उठले, तीन पायऱ्या उतरून खाली आले आणि काळा झगा गोळा करून आरोपीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. अख्ख्या अकपिनार गावात कुणी न्यायाधीशाला असं जमिनीवर बसलेलं पाहिलं नसेल. नाड्या त्यांनी स्वतः सोडल्या. डावा बूट काही केल्या निघेना. समोरचा तरुण ओठ चावून छताकडे बघत होता. इलियास त्याचं नाव, अंजिरांच्या पॅकिंग कारखान्यातल्या कामगार संघटनेचा चिटणीस, वय सव्वीस. बंदी घातलेली पत्रकं बाळगल्याचा आरोप होता आणि त्यानं तो कबूल केल्याचा कागद सोबत जोडलेला होता.

बूट निघाले. मोजे निघाले. हाकिम बेंनी विचारलं, हे कसं झालं, आणि तो म्हणाला, मी पडलो. मग तसेच बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, "साफिये हानम, लिहा."

हानम म्हणजे बाई; मला ते कायम असंच आदरानं म्हणायचे. मी टाइपरायटरवर बोटं ठेवली. आमच्या कोर्टांत न्यायाधीश जे सांगेल तेच नोंदीत जातं. वकील ओरडो, आरोपी रडो, न्यायाधीशानं सांगितलं नाही तर ते घडलंच नाही.

"आरोपीला आधाराशिवाय उभं राहता येत नाही. न्यायालयानं त्याचे बूट काढून पाहिले. दोन्ही तळपाय सुजलेले असून त्यांवर आडवे काळेनिळे वळ आहेत. विचारलं असता आरोपी म्हणाला, मी पडलो. हे सांगताना तो जांदार्मांकडे पाहत होता."

चार ओळी झाल्या. मग त्यांनी उठून झगा झटकला, वर जाऊन बसले आणि इलियासला सोडून देण्याचा हुकूम सांगितला.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्या कोर्टात बाई म्हणून मी पहिली. मला घेतलं हालदुन बेंनीच. सगळं गाव त्यांना हाकिम बे, म्हणजे न्यायाधीशसाहेब, म्हणायचं, म्हणून मीही. मुलाखतीला गेले तेव्हा आणखी चार जण होते, सगळे पुरुष, सगळ्यांचे कुणी ना कुणी मामा-काका ओळखीचे. माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते, त्यांच्या ओळखी फक्त इंजिनांशी. हाकिम बेंनी एक परिच्छेद सांगितला आणि मी तो टाइप करून दिला. वाचून म्हणाले, "एक शब्द जास्त आहे."

"कुठला?"

"'निर्घृण'. मी नुसतं 'मारहाण' म्हणालो होतो. विशेषणं वकिलांना लागतात, नोंदीला नाही." आणि मग हसून, "पण चूक एकच आहे. उद्यापासून या."

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. खाली टपाल कचेरी, वर आमचं कोर्ट. ऑगस्ट लागला की गावाबाहेरच्या उतारांवर जिकडे तिकडे चटया अंथरलेल्या असायच्या आणि त्यांवर अंजिरं सुकत पडलेली. वाऱ्याबरोबर तो गोड, जरासा आंबूस वास खिडकीतून आत यायचा, आणि हाकिम बे एखाद्या बांधाच्या भांडणाची सुनावणी मध्येच थांबवून म्हणायचे, "दोन मिनिटं. सगळ्यांनी श्वास घ्या." वादी-प्रतिवादी दोघंही श्वास घ्यायचे. एकदा तेवढ्यावर तडजोड झालेली मी पाहिली आहे.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. माझी आई मी लहान असतानाच गेली. हाकिम बेंच्या बायकोला, मुआल्ला हानमला, मी आब्ला म्हणायची, म्हणजे ताई. तिनं मला स्वयंपाक शिकवला, केस कसे बांधायचे ते शिकवलं, आणि कुणाला कधी 'नाही' म्हणायचं तेही. त्यांना मूल नव्हतं. लग्नाच्या सतराव्या वर्षी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आब्लाला दिवस गेले. डॉक्टरनं प्रवास बंद सांगितला, जिने बंद सांगितले. ज्या दिवशी तिनं मला हे सांगितलं त्या दिवशी आम्ही दोघी अंगणातल्या बाकावर बसून उगाच रडलो होतो. त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

तर त्या दिवशी, इलियास गेल्यावर तासाभरात जांदार्माचा कप्तान आला. हाकिम बेंच्या खोलीचं दार नीट लागत नसे. माझं टेबल बाहेरच होतं.

"हाकिम बे, सोडलंत त्याला, ठीक आहे. तुमचा अधिकार. पण त्या चार ओळी कशाला?"

"कारण मी ते पाहिलं."

"पाहिलंत तर पाहिलंत. कागद तुमचा, शाई तुमची. सहीसुद्धा अजून व्हायची आहे."

"उद्या सकाळी होईल."

कप्तानानं खुर्ची जवळ ओढली. मग अगदी मायेनं म्हणाला, "पूर्वेकडे सरहद्दीवरच्या गावांत एका न्यायाधीशाची जागा रिकामी आहे. तिथे ऑक्टोबरातच बर्फ पडायला लागतं. रस्ते बंद होतात. दवाखाना शंभर किलोमीटरवर. तुमच्या हानमची तब्येत सध्या नाजूक असते असं ऐकलं."

हाकिम बे म्हणाले, "चहा घेणार का?"

कप्तान चहा न घेता गेला. जाताना माझ्या टेबलाशी थबकला, टाइपरायटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपी घातली.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी भांडी घासत होते. वडील ड्यूटीवर होते. दार वाजलं. दारात मुआल्ला आब्ला. तिला चालायला बंदी होती आणि आमचं घर स्टेशनपलीकडे, चढावर.

"अगं आब्ला, तू कशी आलीस?"

"पाणी दे आधी."

पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला. कप्तानाची बायको दुपारी तिच्याकडे येऊन गेली होती. सगळं सांगून गेली होती, अगदी त्या सरहद्दीच्या गावाचं नावसुद्धा.

"हे आमचं आठवं गाव आहे साफिये," ती म्हणाली. "प्रत्येक गावात मी पडदे शिवले आणि प्रत्येक गावात काढून ठेवले. कधी एका शब्दानं बोलले नाही. पण आता नाही गं. हे पोर त्या बर्फात जगणार नाही. मीही नाही."

"हाकिम बेंशी बोल."

"त्यांच्याशी काय बोलणार? ते ऐकून घेतील, माझा हात हातात घेतील आणि सही करतील." तिनं माझ्याकडे बघितलं. "ते तुझी पानं वाचत नाहीत, साफिये. मला माहीत आहे. म्हणतात, साफियेचं पान वाचायला लागत नाही."

खरं होतं ते. पहिल्या वर्षी ते प्रत्येक ओळ वाचायचे. आता मी गठ्ठा ठेवायची आणि ते बोलता बोलता सह्या करत जायचे. माझ्या आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान होता तो.

"पोरगा तर सुटलाच आहे ना," आब्ला म्हणाली. "मग त्या ओळींनी कुणाचं काय होणार आहे?"

मी तिचा ग्लास उचलून विसळला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला चढावरून खाली सोडायला गेले तेव्हा तिनं माझा दंड धरला होता, आणि प्रत्येक पावलाला तिची बोटं आवळत होती. त्या बोटांनीच ठरवलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे कप्तानानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, त्या नजरेनंही ठरवलं होतं.

सकाळी सातला मी कोर्टात गेले, ते पान काढलं, नवं पान चढवलं. चार ओळी गाळून टाइप केलं तर पान चार ओळींनी आखूड पडलं, म्हणून ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं. नऊला हाकिम बे आले. खिडकी उघडली. अंजिरांच्या भावाबद्दल काहीतरी बोलत बोलत त्यांनी सगळ्या गठ्ठ्यावर सह्या केल्या.

सहा आठवडे काही झालं नाही. कप्तान रस्त्यात दिसला की मान झुकवायचा. बदलीचा हुकूम आला नाही. आब्ला अंगणात बसून विणकाम करायची, पण माझ्याशी बोलताना तिचे डोळे सुयांवरून उठायचे नाहीत.

मग इलियासला पुन्हा उचललं. या वेळी थेट शहरातल्या लष्करी कोर्टापुढे. त्याच्या वकिलानं आमच्याकडून त्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागवली. कबुलीजबाब मारून घेतलाय हे सिद्ध करायला त्याच्याकडे तेवढा एकच पुरावा होता. नक्कल मीच काढून दिली. दोन दिवसांनी तो वकील धापा टाकत जिना चढून आला आणि हाकिम बेंच्या टेबलावर तो कागद ठेवला.

"साहेब, इलियास शपथेवर सांगतो की तुम्ही स्वतः त्याचे बूट काढलेत. यात तर बुटांचं नावच नाही."

हाकिम बेंनी कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, पहिल्या वर्षी वाचायचे तसा. ओळींमधल्या अंतरावर त्यांचं बोट एकदा थांबलं.

"सही माझीच आहे," ते वकिलाला म्हणाले. "उद्या या."

तो गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुणी सांगितलं, साफिये हानम?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "मीच घाबरले."

त्यांनी तो कागद टेबलावर उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "घरी जा. कुणाशी बोलू नका. हे पान कुणी बदललं हा प्रश्न कधी येणार नाही, याची काळजी मी घेईन."

त्यांनी ती कशी घेतली ते मला महिन्याभरानं कळलं. त्यांनी न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला. मग शहरात जाऊन लष्करी कोर्टापुढे साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "आरोपीच्या पायांवरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण त्यांबद्दल सांगितलेल्या चार ओळी सही करण्याआधी मी नोंदीतून काढून टाकल्या. मी घाबरलो होतो."

कोर्टानं साक्ष मानली नाही. जो न्यायाधीश तेव्हा गप्प बसला त्याच्यावर आता का विश्वास ठेवावा, असं निकालात लिहिलं. इलियासला आठ वर्षं झाली. म्हणतात, निकालाच्या वेळी तो पिंजऱ्यातून हाकिम बेंच्या दिशेनं थुंकला. लष्करी अधिकारी हसले.

गावानं तर त्यांना पार टाकून दिलं. चहाच्या दुकानात 'चार ओळी' म्हणजे शिवी झाली. भ्याड माणसाला लोक म्हणायचे, काय रे, तुझ्याही चार ओळी का? त्यांचं सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. मी स्टेशनच्या पुलावर उभी राहून ट्रक जाताना पाहिला. पुढे जाऊन निरोप द्यायची माझी छाती झाली नाही. आब्ला पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, दोन्ही हात पोटावर.

मुलगी झाली. इझमिरला, चांगल्या दवाखान्यात. देफ्ने नाव ठेवलं. हे मला एका चार शब्दांच्या पोस्टकार्डावरून कळलं.

पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. हालदुन बे इझमिरला वकिली करू लागले. ज्यांना कुणी वकील मिळत नसे त्यांचे खटले त्यांच्याकडे यायचे. राजकीय पक्षांवरची बंदी उठली तेव्हा पक्षात गेले, आणि अकपिनार सोडल्याला दहा वर्षं व्हायच्या आत पक्षाचे अध्यक्ष झाले. प्रत्येक सभेत कुणीतरी मागून ओरडायचं, "चार ओळी! चार ओळी!" आणि प्रत्येक सभेत ते थांबून म्हणायचे, "हो. मी घाबरलो होतो. भीती माणसाकडून काय करवून घेते ते मी पाहिलंय. म्हणून मला असा देश हवा आहे, जिथे न्यायाधीशाला घाबरावं लागणार नाही." विरोधक ते त्यांच्या तोंडावर फेकायचे, आणि ते तेच उचलून उत्तर द्यायचे. रेडिओवर हे ऐकताना मी उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात त्यांची सभा अकपिनारला लागली. सकाळी मी पक्षाच्या कार्यालयात गेले. गर्दी होती. मी कोण म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, "त्यांची टंकलेखिका."

ते आतल्या खोलीत एकटे भाषणाचे कागद चाळत बसले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून उभे राहिले.

"साफिये हानम. बसा. वडील कसे आहेत?"

"गेले. तीन वर्षं झाली. हाकिम बे, मी आज वर्तमानपत्रवाल्यांना सगळं सांगणार आहे."

"नाही."

"लोक तुम्हाला भ्याड म्हणतात!"

"म्हणू देत. टंकलेखिका घाबरली, ही बातमी दोन दिवस चालेल आणि तुमची नोकरी जाईल. न्यायाधीश घाबरला, ही गोष्ट लोकांना कळते. त्यांना ती आपली वाटते."

"तेव्हा खरं सांगितलं असतं तर इलियास सुटला असता?"

"यावर मी पुष्कळ रात्री काढल्या," ते म्हणाले. "नोंद खोटी आहे म्हटलं असतं तर तेच पान त्यांनी माझ्याविरुद्ध वापरलं असतं, आणि तुम्ही तुरुंगात गेला असता. तो सुटला नसताच. असं मला वाटतं. खात्री नाही."

मग ते खिडकीकडे वळले. "त्या दिवशी मी विचारलं होतं, कुणी सांगितलं. तुम्ही म्हणालात, कुणी नाही. मुआल्लानं मला आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. वकील येणार हे गावात पसरलं तेव्हा तिला राहवलं नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"मला वाटलं, तुम्ही तिचं नाव घ्याल आणि मला तुमच्यावर रागावता येईल." ते थोडं हसले. "तुम्ही तेवढीही सवलत दिली नाहीत."

बाहेरून त्यांना हाक आली. मी कार्यालयातून निघाले आणि सरळ इलियासकडे गेले.

तो सहा वर्षांनी सुटून आला होता. बाजाराच्या टोकाला अंजिरांसाठी लाकडी पेट्या बनवायचा. एक पाय जरा ओढत चालायचा. हालदुन बे तुरुंगात त्याला तीनदा भेटायला गेले होते आणि तीनही वेळा त्यानं भेट नाकारली होती, हे सगळं गाव जाणून होतं. मी आत गेले तेव्हा तो खिळे ठोकत होता.

मी उभ्यानं सगळं सांगितलं. सकाळी सातची वेळ, नवं पान, वाढवलेलं अंतर. आब्लाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "मी घाबरले. त्यांनी लिहायला सांगितलं होतं. मी काढून टाकलं. त्यांना माहीत नव्हतं."

त्याच्या तोंडात दोन खिळे धरलेले होते. ते त्यानं एकेक करून काढले आणि फळीवर ठेवले.

"दहा वर्षं," तो म्हणाला. "दहा वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. झोपताना द्यायचो. त्यावर झोप लागायची."

"आता मला द्या."

"तू जा इथून," तो म्हणाला.

मी गेले.

दुपारी चौकात सभा सुरू झाली. मी टपाल कचेरीच्या पायरीवर मागे उभी होते. आब्ला व्यासपीठावर होती, शेजारी दहा वर्षांची देफ्ने, लांब वेण्या घातलेली. हालदुन बे बोलायला उभे राहिले आणि थोड्याच वेळात कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "चार ओळी!" लोक हसले.

तेव्हाच गर्दी एका बाजूनं फाटत गेली. इलियास येत होता. कामाचा ॲप्रन तसाच. लोक बाजूला होत होते, कुजबुजत होते. सगळ्यांना वाटलं, आज हा पुन्हा थुंकणार. तो पार व्यासपीठाशी जाऊन उभा राहिला. हालदुन बे बोलायचे थांबले. हातातले कागद त्यांनी खाली ठेवले.

"थांबलात का?" इलियास म्हणाला. चौकात इतकी शांतता होती की पायरीपर्यंत ऐकू आलं. "बोला, हाकिम बे. मी ऐकायला आलोय."

हाकिम बे. दहा वर्षांत त्या गावात त्यांना माझ्याशिवाय कुणी असं म्हटलं नव्हतं.

ते पाणी प्यायले. मग बोलायला लागले, रस्त्यांबद्दल, पाण्याबद्दल, अंजिरांच्या भावाबद्दल. ती घाबरल्याची गोष्ट त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही. पुढेही, माझ्या ऐकण्यात, कधी सांगितली नाही. सभा संपल्यावर दोघं पक्षाच्या कार्यालयाच्या आतल्या खोलीत तासभर होते. काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इलियासनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला की बाजू बदलायचा. बाजारात समोरासमोर आलो तर नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. तेवीस वर्षं. मी त्याला दोष दिला नाही. लहान गाव आहे, सवय होते.

गेल्या फेब्रुवारीच्या थंडीत, सकाळी, दूरदर्शनवर बातमी आली की हालदुन बे गेले. निवेदक त्यांचं सगळं आयुष्य सांगत होता आणि त्यात तेही सांगत होता, की तरुणपणी एका खटल्यात ते कचरले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मी टीव्ही बंद केला आणि तशीच बसून राहिले. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी अंकाराला होता. मी निवृत्त बाई, गुडघे गेलेले. एवढ्या लांब एकटीनं जाणं काही जमणार नव्हतं.

दुपारी दार वाजलं.

इलियास होता. म्हातारा झालेला, डोक्यावर लोकरीची टोपी. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. माझ्याकडे बघायला त्याला जरा वेळ लागला.

"अंकाराची बस सहाला आहे, साफिये हानम," तो म्हणाला. "दोन जागा धरल्यात. तिकडे बर्फ आहे म्हणतात, जाड कोट घ्या."